पऱ्हाटीचा कोळसा, ८७० फॅरड आणि लॅपटॉपवालं रिसर्च

वाचकाचं पत्र (लांब होतं, थोडं कापलं आहे):

"ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातली. एमएस्सी फिजिक्स झालं आणि मागच्या वर्षी पीएचडीला रजिस्ट्रेशन केलं. विषय आहे पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) अॅक्टिवेटेड कार्बन, म्हणजे छिद्राछिद्रांचा कोळसा, बनवून त्याचा सुपरकॅपॅसिटर, म्हणजे झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन. आमच्या कॉलेजात मफल फर्नेस आहे, पोटेन्शियोस्टॅटसाठी (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज-करंट मोजायचं मशीन) दुसऱ्या कॉलेजात जावं लागते, एक्सआरडी (आतली रचना), सेम (सूक्ष्म फोटो), बीईटी (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) सगळं बाहेर पाठवतो आणि रिपोर्टची वाट पाहत बसतो. पहिल्या सॅम्पलचा निकाल, म्हणजे एका ग्रॅमची चार्ज साठवायची क्षमता, आला ८७० फॅरड प्रति ग्रॅम. निकेल फोमवर ०.४ मिलीग्रॅम मटेरियल, ६ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), तीन इलेक्ट्रोड, ० ते ०.५ व्होल्ट, १ अॅम्पिअर प्रति ग्रॅम. बीईटी एरिया १०५० आला. सर एकदम खुश, म्हणे पेपर टाकून दे. मला मात्र आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा आला, कारण बाकीच्यांचं वाचलं तर कोणाचे १८० आहेत कोणाचे २५०. पुण्याची एक मैत्रीण म्हणते सोड हे कोळसा कुटणं, डीएफटी (मटेरियलचे गुण कॉम्प्युटरवर क्वांटमच्या गणितानं काढायची पद्धत) कर, केमिकल नाही, बसचे धक्के नाही, लॅपटॉप पुरतो आणि पुढं आयटीतही नोकरी लागते. सर म्हणतात कार्बनचंच कर पण पेपरात डीएफटीचं एक चित्र टाक, मोठं जर्नल घेते. बाबा विचारतात हे काळं पीठ कधी विकणार. घरी स्थळं पाहून राहिले ते वेगळंच. मी एक्सपेरिमेंटल राहू की कॉम्प्युटेशनलकडे जाऊ? आणि त्या ८७० चं काय करू?"

---

बेटा, तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण ८७० चा निकाल लागला की एक्सपेरिमेंटल का कॉम्प्युटेशनल याचं अर्धं उत्तर तिथंच निघते.

पोटात गोळा आला तो बरोबर आला. कागद घे आणि एक साधा गुणाकार कर. कार्बनच्या पृष्ठभागावर डबल लेयरचा (पृष्ठभागाला आयन चिकटून साठणाऱ्या चार्जचा) कपॅसिटन्स दर चौरस सेंटीमीटरला फार झाला तर २० मायक्रोफॅरड धरतात, खरा बहुतेक वेळा त्याहून कमीच निघते. तुझा एरिया १०५० चौरस मीटर प्रति ग्रॅम, म्हणजे १ कोटी ५ लाख चौरस सेंटीमीटर. गुणलं की २१० फॅरड. हे सगळं उदार होऊन, एकूणएक छिद्रात आयन जाऊन बसला असं समजून, आणि तसं होत नाही कारण बारीक छिद्रांपैकी कितीतरी आयनला सापडतच नाहीत. पृष्ठभागावर ऑक्सिजन नायट्रोजनचे ग्रुप असले तर त्यांच्यामुळं वरून काही मिळते, धर ५०, धर ८०, मोठ्या मनानं १०० धर. तरी ३१० झाले. मग वरचे साडेपाचशे कोणाचे? पऱ्हाटीचे तर नाही.

माझा पहिला संशय निकेल फोमवर आहे. तू विंडो, म्हणजे मोजायची व्होल्टेजची हद्द, लिहिलीस ० ते ०.५ व्होल्ट, संदर्भ इलेक्ट्रोड कोणता ते लिहिलं नाहीस, पण केओएचमध्ये बहुधा मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड असेल. आता केओएचमध्ये कार्बन मोजायचा तर लोक साधारण उणे १ ते ० व्होल्ट अशी ऋण बाजूची विंडो घेतात. ० ते ०.५ ही निकेलची विंडो आहे, तिथं निकेलच्या पृष्ठभागावरचा हायड्रॉक्साइड ऑक्सिडाइज होतो आणि परत येतो, आणि तू त्या बिचाऱ्या फोमचा चार्ज कोळशाच्या नावावर लिहून राहिलीस. तुझा जीसीडीचा, म्हणजे ठरावीक करंटनं चार्ज-डिस्चार्जचा, ग्राफ काढून पाह. डिस्चार्जची रेघ सरळ उताराची आहे, की मध्येच आडवी चालून मग धपकन खाली पडते? मध्ये आडवी चालत असेल तर ती बॅटरीसारखी रिअॅक्शन आहे, आणि तिथं फॅरडचं सूत्र लावणंच चूक, कारण त्या सूत्रात व्होल्टेज एकसारखं उतरते असं धरलेलं असते. तसा डेटा मिलीअॅम्पिअर-अवर प्रति ग्रॅममध्ये लिहायचा. यावर २०१४-१५ पासून मोठमोठ्या जर्नलांमध्ये चांगल्या लोकांनी ओरडून ओरडून लिहिलं आहे, तरी दर महिन्याला तेच पेपर येऊन राहिले.

आता दुसरी गोष्ट, वजन. ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण सगळ्यात कमी लक्ष इथंच असते. १ चौरस सेंटीमीटर निकेल फोमचं स्वतःचं वजन साधारण ३५ मिलीग्रॅमच्या आसपास, त्यावर तुझं मटेरियल ०.४. कॉलेजातला चार दशांशांचा काटा ०.१ मिलीग्रॅमपर्यंत दाखवतो. म्हणजे आधीचं वजन, नंतरचं वजन, दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, आणि जो उरला तो काट्याच्या शेवटच्या घराशी खेळतो. ०.४ हे खरं ०.५ असेल तर तुझे ८७० चे ६९६ होतात, ०.३ असेल तर ११६०. एकाच डिस्चार्जमधून, त्याच ४३५ सेकंदांतून, नुसत्या काट्याच्या लहरीवर ६९६ ते ११६०, मग ८७० असा आकडा छातीठोक लिहायचा तरी कशाच्या जोरावर? आणि अॅक्टिवेटेड कार्बन हवेतलं पाणी ओढते हे तू पावसाळ्यात स्वतः पाहिलं असशील: ओव्हनमधून काढलेला इलेक्ट्रोड काट्यावर ठेवला की शेवटचा आकडा थांबतच नाही, २, ३, ५ करत वर सरकत राहते, पोट्टे मग कंटाळून जो दिसला तो वहीत लिहून टाकतात. काट्याचं दार बंद, आत सिलिका जेल, आणि ओव्हनमधून काढल्यावर डेसिकेटरमध्ये थंड करून मगच वजन. फोम अॅसिडनं धुतला असेल तर धुवून वाळवल्यावर परत वजन घेतलं होतं का तेही आठव, कारण अॅसिड थोडं निकेल खाते.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते पाह. समजा कोऱ्या फोमच्या तुकड्यानं एकट्यानं ०.२ फॅरड दिले. ०.४ मिलीग्रॅमनं भागले तर ५०० फॅरड प्रति ग्रॅम, एकट्या फोमचे! तेच लोडिंग, म्हणजे लावलेलं मटेरियल, ५ मिलीग्रॅम असते तर फोमचा वाटा ४० च्या वर गेला नसता. म्हणून जितकं कमी मटेरियल लावावं तितका आकडा फुगते, आणि म्हणूनच पेपरांमध्ये एवढे दणदणीत आकडे दिसतात. बाजारातल्या सुपरकॅपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटीमीटरला १० मिलीग्रॅमच्या आसपास कार्बन असते, ०.४ नाही.

तर तुला करायचं काय. त्याच आकाराचा कोरा फोम, तशीच धुलाई, तीच विंडो, तोच करंट मिलीअॅम्पिअरमध्ये, आणि ग्राफ काढ. मग ऋण विंडोत तोच इलेक्ट्रोड मोज. मग लोडिंग वाढवून ४-५ मिलीग्रॅमचे इलेक्ट्रोड बनव, निकेल फोमऐवजी ग्रॅफाइट शीट किंवा कार्बन पेपर मिळाला तर फारच छान. आणि शेवटी दोन सारख्या इलेक्ट्रोडचा खरा सेल. तिथं घाबरू नको, दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये एकूण वजनानं भागलं की आकडा चौथाई दिसते, कारण दोन कपॅसिटर सीरिजमध्ये आले म्हणून कपॅसिटन्स अर्धा आणि वजन दुप्पट. तीन इलेक्ट्रोडचे २०० म्हणजे सेलचे ५०. कोणता आकडा कशाचा आहे ते स्पष्ट लिहायचं, बस्स.

माझा अंदाज सांगू? तुझा कार्बन १५० ते २२० च्या मध्ये कुठंतरी येईल. आणि तो चांगला कार्बन आहे. घरच्या पऱ्हाटीपासून १०५० चा एरिया काढला ही कमाई कमी नाही.

सरांना कसं सांगायचं, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात तेच असणार. "सर, तुमचं चुकलं" असं कोणी ऐकत नाही, आपल्याकडं तर नाहीच. असं म्हण: "सर, रेफ्री कोऱ्या फोमचा ग्राफ मागणारच आहे, सबमिट करायच्या आधी काढून ठेवू का?" यात सरांचा मान राहते, काम होते, आणि ग्राफ टेबलावर आला की पुढचं तोच बोलते. मी पाहिलेले बहुतेक गाईड वाईट नसतात गं, त्यांना वर्षाला इतके पेपर दाखवायचे असतात, प्रमोशनचे पॉइंट असतात, आणि त्यांच्या काळात निकेल फोमवर कोणी एवढी शंका घेत नव्हतं. तरीही ग्राफ पाहून "असू दे, टाक" म्हणालेच, तर तिथं तुला अडावं लागेल, कारण पेपरवर पहिलं नाव तुझं आहे आणि उद्या कोणी तो आकडा धरून प्रश्न केला तर उत्तर द्यायला तूच उभी राहशील. पोटेन्शियोस्टॅटच्या मूळ फाइल, वजनाची वही, तारखा टाकून, स्वतःजवळ ठेव.

आता मैत्रिणीचं डीएफटी.

पहिले तिची बाजू घेते. डीएफटी ही काही हवेतली गोष्ट नाही, १९६४-६५ मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शाम यांनी पाया घातला, वॉल्टर कोन यांना १९९८ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि आज बॅटरीचं, सोलरचं, कॅटॅलिस्टचं मटेरियल शोधणारा जवळजवळ प्रत्येक ग्रुप कुठं ना कुठं ते वापरते. क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मटेरियल्स प्रोजेक्ट नावाचा डेटाबेस २०११ पासून फुकट आहे, एनपीटीईएलवर कोर्स आहेत. आपल्यासारख्या गावाकडच्या पोरीसाठी हे सगळं मोठंच आहे. आणि काही वेळा कॉम्प्युटर खरोखर पुढं धावते: २०१४ मध्ये चीनमधल्या ग्रुपनं गणित करून सांगितलं की हायड्रोजन सल्फाइडला प्रचंड दाबाखाली ठेवलं तर २०० केल्विनच्या आसपास ते सुपरकंडक्टर होईल, आणि २०१५ मध्ये जर्मनीत तसं मोजूनही दाखवलं, २०३ केल्विन. प्रयोग करणाऱ्यांनी असा आकडा स्वप्नातही धरला नसता.

पण "लॅपटॉप पुरतो" हे मैत्रीण अर्धंच सांगून राहिली. दोन अणूंच्या सिलिकॉनला पुरतो, काही सेकंदांत उत्तर येते आणि वाटते बाप्पा किती सोपं. पण हा खर्च अणूंच्या संख्येच्या घनानं वाढते, म्हणजे अणू दुप्पट तर वेळ आठपट. दोनचे शंभर अणू झाले तर कागदावर सव्वा लाख पट. पृष्ठभाग, त्यावर चिकटलेला आयन, पाण्याचे रेणू, असं तुला हवं ते मॉडेल शंभरच्या खाली बसतच नाही. मग वर्कस्टेशन लागते किंवा कोणाच्या तरी क्लस्टरवर अकाउंट लागते. नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशनमध्ये परम मालिकेतली मशीन देशात बऱ्याच संस्थांत बसली आहेत, पुण्यात आयसर या संशोधन संस्थेत परम ब्रह्म आहे, पण तिथपर्यंत पोचायला ओळखीचा को-गाईड लागते, एकट्यानं गावात बसून नाही होत.

आणि आपल्या लाईनचं काय! रात्रभर चालवलेलं कॅलक्युलेशन पहाटे लाईन गेली की मेलं. क्वांटम एस्प्रेसोमध्ये रिस्टार्टची सोय आहे खरी, पण ती रन नीट थांबवला असला तरच भरवशाची. म्हणून इनपुटमध्ये मॅक्स सेकंद्स टाकायचे, लोडशेडिंगच्या वेळेच्या आधी रन स्वतःहून आवरते आणि नंतर तिथून पुढं सुरू करता येते. हे मुद्दाम सांगितलं कारण मोठ्या शहरातल्या पोरांना हे सुचत नाही, त्यांना गरजच पडत नाही.

खरी अडचण यापेक्षा खोल आहे. प्रयोग बिघडला की काहीतरी दिसते, राख होते, रंग बदलते, ग्राफ वेडावाकडा येते. डीएफटी बिघडलं की काहीच दिसत नाही. फाइलच्या शेवटी "जॉब डन" असं छापून येते, बरोबर असलं तरी आणि चूक असलं तरी. साधं उदाहरण, सिलिकॉनची बँड गॅप आपण पुस्तकात १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट शिकतो, तीच नेहमीच्या पीबीई पद्धतीनं काढली तर ०.६ येते. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी फसत नाही. पण आयर्न ऑक्साइड (एफईओ) आणि कोबाल्ट ऑक्साइड साध्या डीएफटीनं केले तर ते धातू निघतात, प्रत्यक्षात दोन्ही इन्सुलेटर आहेत! मग त्यात यू नावाची दुरुस्ती टाकावी लागते, आणि त्या यू चा आकडा काही लोक असा फिरवतात की उत्तर आपल्या प्रयोगाशी जुळलंच पाहिजे. मग लिहितात "थिअरी आणि एक्सपेरिमेंट यांचा उत्तम मेळ". जुळणारच ना, जुळवलंच आहे. के-पॉइंट किती, कटऑफ किती (गणित किती बारीक करायचं ते हे ठरवतात), ते वाढवत नेल्यावर उत्तर स्थिर झालं की नाही, स्यूडोपोटेन्शियल कोणतं, हे सगळं तपासणं म्हणजे डीएफटीवाल्याचा काटा आणि कोरा फोम आहे. ते न करता काढलेला आकडा आणि तुझे ८७० एकाच भावाचे.

आणि तुझ्या कॉलेजात हे तपासणारं कोणी आहे का? पत्रावरून तरी दिसत नाही. सरांना फर्नेस समजते, केओएचचं प्रमाण समजते, सीव्हीचा (व्होल्टेज-करंटच्या ग्राफचा) आकार समजते. तुझी इनपुट फाइल त्यांना समजणार नाही, म्हणजे तुझी चूक पकडणारा खोलीत कोणीच नाही. पीएचडीला लागणाऱ्या माणसासाठी मला ही गोष्ट बसच्या धक्क्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

मग सर म्हणतात ते, कार्बनच कर पण वरून डीएफटीचं चित्र लाव? याला माझा सरळ विरोध आहे. पऱ्हाटीचा कोळसा म्हणजे वेडीवाकडी, तुटकी, छिद्राछिद्रांची कार्बनची चळत, त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, ऑक्सिजनचे कुठंकुठं ग्रुप. डीएफटीत काय काढतात? ग्राफीनची एक गुळगुळीत शीट, त्यात एक नायट्रोजन बसवला, एक पोटॅशियम आयन वर ठेवला, अॅडसॉर्प्शन एनर्जी काढली, रंगीत ढग दाखवले. त्या शीटचा आणि तुझ्या क्रूसिबलमधल्या मटेरियलचा संबंध काय? कार्बन हे नाव सोडलं तर फार नाही. अशी चित्रं मोठं जर्नल घेते हे सरांचं म्हणणं खोटं नाही, घेते कधीकधी, पण जाणकार रेफ्री भेटला तर पहिला घाव तिथंच घालते.

गणित एका वस्तूचं आणि सॅम्पल दुसऱ्याच वस्तूचं, हे किती महागात पडू शकते ते २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या जगानं पाहिलं. कोरियातल्या ग्रुपनं एलके-९९ नावाचं मटेरियल आणलं, शिसं, तांबं, फॉस्फेटचं, म्हणे खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाला सुपरकंडक्टर. व्हिडिओत एक काळा खडा चुंबकावर अर्धवट तरंगत होता. काही दिवसांतच वेगवेगळ्या ग्रुपांची डीएफटी आली, फर्मी लेव्हलजवळ सपाट बँड दिसतात, आणि सपाट बँड सुपरकंडक्टिव्हिटीसाठी रंजक असतात, एवढंच त्या लोकांनी नीट शब्दांत लिहिलं होतं. इंटरनेटनं त्याचं "थिअरीनं सिद्ध झालं" करून टाकलं. इकडं दिल्लीत आपल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनं सॅम्पल बनवलं, सुपरकंडक्टिव्हिटीचा पत्ता नाही. मग हळूहळू उलगडलं की त्या सॅम्पलमध्ये कॉपर सल्फाइडची भेसळ होती, आणि कॉपर सल्फाइडची रचना १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते, तिथंच त्याचा रेझिस्टन्स एकदम पडते, कोरियावाल्यांनी पाहिलेली उडी ती. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत त्याचे शुद्ध क्रिस्टल वाढवले तर ते निघाले जांभळट पारदर्शक, आणि पक्के इन्सुलेटर. डीएफटीनं ज्या आदर्श क्रिस्टलचं गणित केलं होतं तो कोणाच्याच भट्टीत नव्हता. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो प्रश्न शेवटी ज्यांनी सोडवला ते भेसळीच्या मागं लागलेले लोक होते, एक्सआरडीमधल्या छोट्याशा जास्तीच्या पीककडं पाहून "हा कोणाचा?" विचारणारे.

तू तेच केलंस ना, ८७० पाहून विचारलंस हे कोणाचे. म्हणून मी म्हणते एक्सपेरिमेंटलच राह. कॉम्प्युटर शीक, पण तो डीएफटीसाठी नाही, पायथन शीक, तुझे जीसीडीचे ग्राफ स्वतः फिट कर, चुकीची सीमा किती ते काढ, आणि मैत्रिणीच्या आयटीच्या नोकरीचा मुद्दाही यातच भागते, कारण तिकडं कोणी तुला के-पॉइंट विचारणार नाही, डेटा हाताळता येते का ते विचारतील. आणि खरंच मन डीएफटीतच असेल, बसच्या कंटाळ्यानं नाही तर मनानं, तर मग विषयच बदल, सोडियम बॅटरीच्या कॅथोडसारखं ज्याची रचना पक्की माहीत आहे असं क्रिस्टल घे आणि त्या कामात मुरलेला को-गाईड आधी शोध, मग रजिस्ट्रेशनचा कागद बदल. अर्धं इकडं अर्धं तिकडं नको.

एक्सपेरिमेंटल राहायचं तर प्रश्न मात्र थोडा धारदार कर. "अमुक कचऱ्यापासून कार्बन" असे पेपर नारळाची करवंटी, केळीची साल, कडुनिंबाचा पाला सगळ्यांचे होऊन गेले, करवंटीचा कार्बन तर कारखान्यात बनून सुपरकॅपॅसिटरमध्ये जाते. पऱ्हाटीच घ्यायची तर पऱ्हाटीचं काहीतरी विचार. १०० ग्रॅम वाळलेल्या पऱ्हाटीतून शेवटी किती ग्रॅम कार्बन उरला, त्यासाठी केओएच किती गेलं, धुवायला पाणी किती लागलं, हे कितीतरी पेपरांत सापडतच नाही, आणि बाबांच्या "कधी विकणार" या प्रश्नाचं उत्तर त्याच आकड्यांत आहे. केओएच कोळशाच्या चौपट लागत असेल तर बाबांना सांग, सध्या नाही विकत. बोंडाची टरफलं आणि खोड वेगळं जाळलं तर राखेत फरक पडते का? आणि आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. मग तुझा सेल २५ अंशांवर न मोजता ५० वर मोज, चार्ज करून सोडून दे आणि रात्रभरात व्होल्टेज किती गळते ते पाह. सेल्फ डिस्चार्ज उष्णतेत वाढते हे माहीत आहे, पण तुझ्या कार्बनमध्ये किती आणि धुण्याच्या पद्धतीनं त्यात फरक पडते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी महागडं मशीन लागत नाही, एक वॉटर बाथ आणि चांगलं मल्टिमीटर बस झालं. सॅम्पलसाठी पऱ्हाटी निंदणी-फवारणीच्या नोंदीसकट एकाच वावरातली घे, आणि ती गंजी घराजवळ उन्हाळाभर ठेवू नको, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते, बाबा रागावतील.

बाहेरच्या टेस्टिंगचं थोडक्यात. इंदूरला यूजीसी-डीएई सीएसआर ही संशोधन संस्था आहे, ते विद्यापीठातल्या संशोधकांसाठीच आहे, प्रपोजल नीट लिहिलं तर तुझ्यासारखीला उपयोग होऊ शकते. मुंबईत आयआयटीत सैफ ही टेस्टिंगची सोय आहे, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली मशीन बुक करता येतात. सॅम्पल पाठवताना दहा पाठवू नको, तीन पाठव पण प्रत्येकाला विचारायचा प्रश्न आधी वहीत लिही. आणि एक्सआरडी आल्यावर शेररच्या सूत्रातून "क्रिस्टलाइट साइझ २३.४७ नॅनोमीटर" असलं काही लिहू नको गं, मशीनची स्वतःची रुंदी वजा न करता दोन दशांश कोणत्या तोंडानं लिहितात कोण जाणे, त्यात अशा कार्बनचे पीक तर डोंगरासारखे रुंद.

पैसे: नेट-जेआरएफ निघालं तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, एसआरएफला ४२,०००. ते नसेल तर महाज्योती, बार्टी, सारथी यांपैकी तुझ्या प्रवर्गाला लागू पडते तिथं अर्ज कर, पैसे उशिरा येतात याची तयारी ठेवून. स्थळांचं मी काय सांगणार, एवढंच की जो पाहायला येईल त्याला सांग की माझी अजून काही वर्षं भट्टीजवळ जाणार आहेत, आणि त्याचा चेहरा पाह.

आणि एक राहून गेलं, हे मात्र हसण्यावारी नेऊ नको. केओएच घालून ७०० अंशांच्या वर तापवते तेव्हा आत पोटॅशियम धातू तयार होऊ शकते. भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय क्रूसिबल उघडायची नाही, एका वेळी थोडंच मटेरियल घ्यायचं, डोळ्यावर गॉगल, आणि पहिलं पाणी थेंबाथेंबानं, फ्यूम हूडखाली. तुमच्या डिपार्टमेंटला हूड नसेल तर केमिस्ट्रीवाल्यांकडं जा, ते नाही म्हणणार नाहीत. चिनी मातीची क्रूसिबल वापरत असशील तर बंद कर, वितळलेलं केओएच तिला खाते आणि ती घाण तुझ्या कार्बनमध्ये येते. निकेलची घे, पण मग त्यातलंही थोडं निकेल उतरू शकते, म्हणून आधी पातळ एचसीएलनं धू, मग डिस्टिल्ड वॉटरनं पीएच ७ येईपर्यंत, आणि ७ आल्यावर अजून एकदा.